मार्जारकिशोर न्याय आणि जिन्याखालची मांजरे



सत्संगात आपण मार्जारकिशोर न्याय अनेकदा ऐकतो. दक्षिणेतील श्रीवैष्णव परंपरेत शरणागती समजावताना दोन दृष्टांत दिले जातात. माकडिणीचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते. मांजरीचे पिल्लू काहीच धरत नाही. आई मानेला धरून नेईल तिकडे जाते. ऐकताना आपण सगळेच मनातल्या मनात ते पिल्लू होतो. त्या आईच्या जागी उभे राहायचे झाले तर काय, हा विचार सहसा मनात येत नाही.

माझ्यावर ती वेळ आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली आली. दोन मांजरी होत्या. रोज संध्याकाळी जप झाला की मी त्यांना दूधभात ठेवू लागले. त्या पायांत घोटाळायच्या आणि मला वाटायचे, भूतयज्ञ घडतो आहे. वर्षभरात अकरा मांजरे झाली. त्या पावसाळ्यात एका वेताची चारही पिल्ले आठ दिवसांत गेली. चौथे माझ्या ओंजळीत गेले. तोवर मी फक्त ताटली ठेवण्याचा आनंद घेत होते, हे त्या दिवशी कळले.

मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, साधारण नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. आपण नुसते खाऊ घालत राहिलो तर जन्म वाढतात आणि असे मृत्यूही वाढतात.

दूधभाताचेही सांगायला हवे, कारण आपल्यापैकी बहुतेक जण शाकाहारी आहेत. मोठ्या मांजरांना दूध सहसा पचत नाही, जुलाब होतात. मांजर मूळचीच मांसाहारी. टॉरिन नावाचे द्रव्य तिला आहारातूनच मिळावे लागते; ते कमी पडले तर डोळे जातात, हृदय दुबळे होते. माझे सोवळे सांभाळण्यासाठी तिने आंधळे व्हावे, ही कुठली अहिंसा? मी मांजरांचे तयार खाद्य आणू लागले. पहिल्या दिवशी पिशवी उघडताना हात थबकला, हे खोटे कशाला बोलू! माझा आहारनियम माझ्या साधनेसाठी आहे, तिच्यावर तो नाही.

मग निर्बीजीकरण. ठिपकी नावाची मांजर माझ्या सर्वांत जवळची, म्हणून तिलाच आधी पकडणे सोपे होते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आदल्या रात्रीपासून खाणे बंद ठेवले. सकाळी पिंजऱ्यात वासापुरता एक घास ठेवला. ती विश्वासाने आत गेली आणि दार पडले. ती अशी ओरडली की मी पिंजऱ्यावर चादर टाकून तिथेच बसून राहिले. मांजरी पिल्लाची मान धरते तेव्हा त्याला तरी कुठे ठाऊक असते, कुठे नेते आहे ते? आपल्या आयुष्यात असे दार पडले तेव्हा आपणही काय कमी ओरडलो?

शस्त्रक्रिया झाली, लसही दिली, कानाचे टोक किंचित कापले. ही खूण असली की तिला पुन्हा कोणी पकडत नाही. जखम भरल्यावर तिला त्याच जिन्याखाली सोडले. लांब नेऊन सोडणे हा उपाय नव्हे. अनोळखी जागी तिचे हाल होतात आणि रिकाम्या जागेवर दुसरी मांजरे येतात. ठिपकी आता माझ्या पायांत येत नाही. मी ताटली ठेवून चार पावले मागे सरते, मग ती खाते. पहिले काही आठवडे मला हे फार लागले. सेवेच्या नावाखाली मी किती प्रेम वसूल करत होते!

आणि शेजारी. तळमजल्यावरचे काका रोज ओरडायचे आणि मी त्यांना निर्दय ठरवून मोकळी झाले होते. बोके त्यांच्या दारावर मूत्र फवारायचे, तो दर्प त्यांच्या देवघरापर्यंत जायचा. त्यांची तक्रार खरीच होती. मी जाऊन क्षमा मागितली, दार धुऊन दिले. बोक्यांचीही शस्त्रक्रिया झाल्यावर फवारणे आणि रात्रीच्या मारामाऱ्या पुष्कळ कमी झाल्या. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खाऊ घालण्याची जागा सर्वांच्या संमतीने, जिना आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर ठरवण्यास सांगितले आहे. त्याप्रमाणे आम्ही ताटल्या मागच्या भिंतीपाशी हलवल्या. ठरलेल्या वेळी ठेवतो, अर्ध्या तासात उचलून धुतो. काका अजून मांजरांना हात लावत नाहीत. पण मी गावी जाते तेव्हा पाण्याचे भांडे तेच भरतात.

तुमच्या इमारतीतही कोणीतरी ताटली ठेवत असेल, कदाचित तुम्हीच. आज संध्याकाळी तिथे थोडा वेळ थांबा आणि मांजरे मोजा, किती कानांवर खूण आहे ते पाहा. एखादी गाभण दिसली तर उद्याच डॉक्टरांना विचारा. आणि ज्या घरातून ओरडा येतो, त्या घराची घंटा आधी वाजवा.