दुबळी पात्रे आणि लेखकाचे इमान

एखादी प्रेमकथा फसली, तिची पात्रे दुबळी निघाली, भाषा शिळी निघाली, तर तो केवळ लेखनातला दोष समजावा, की त्यात लेखकाच्या नीतीचाही काही भाग आहे? प्रश्न प्रथमदर्शनी अवाजवी वाटेल. पोळी करपली म्हणून कोणी करणारणीला पापीण म्हणत नाही. कादंबरी फसली तर वाचकाच्या दोन संध्याकाळी आणि थोडे पैसे गेले, असे म्हणून मोकळे व्हावे, हे व्यवहाराचे सांगणे. तथापि काही कादंबऱ्या मिटल्यानंतर जी खिन्नता उरते ती पैशांची नसते. आपल्यासारख्या माणसांशी कोणी अप्रामाणिकपणे वागले, असे काहीसे मनात राहते. या वाटण्याला आधार आहे काय, एवढेच आम्हांला पाहावयाचे आहे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. दुबळा माणूस आणि दुबळे पात्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ (१९३९) मधील चक्रधर मनाने कडवट आणि डळमळीत आहे. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेली हॅर्टा ही ज्यू तरुणी बोटीवर त्याच्यावर जे प्रेम करते, ते पेलण्याची ताकद त्याच्यापाशी नाही. खांडेकरांचा ‘ययाति’ (१९५९) तर मोहापुढे पदोपदी हार खाणारा. माणसे म्हणून दोघेही कच्चे, पण पात्रे म्हणून त्यांना धक्का लागत नाही. उलट, सुमार प्रेमकथेचा नायक शूर असतो, देखणा असतो, शेवटी विजयीही होतो, आणि बोटाने टोचले तर आत पेंढा लागतो. त्याची परीक्षा सोपी आहे. एका कादंबरीतील नायिकेचे नाव दुसरीतल्या नायिकेला देऊन पाहावे. कोठेही काही अडले नाही, तर दोन्हीकडे नायिका नव्हतीच.

मराठीत हे दुखणे कादंबरीइतकेच जुने आहे. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली निघाली आणि त्यानंतर अद्भुतरम्य प्रेमकथांचा मोठाच हंगाम आला. त्यांतच १८६८ सालची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. या कादंबरीपेक्षा तिची प्रस्तावना आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. रिसबुडांनी तेथे सरळ सांगून टाकले आहे की, आपल्या विवाहाच्या रीतीमुळे व इतर कारणांनी आम्हां हिंदू लोकांच्या आयुष्यात मन वेधून घेतील असे गुणही नाहीत आणि दुर्गुणही नाहीत. रोजच्या अनुभवातले लिहावे तर त्यात गोडी नाही, म्हणून रंजक पुस्तक लिहू जाणाऱ्याला अद्भुताकडे वळावेच लागते. हा गृहस्थ प्रांजळ होता, यात शंका नाही. त्याची अडचणही खोटी नव्हती. जेथे लग्ने बालपणी आणि वडीलधाऱ्यांच्या बैठकीत ठरत, तेथे प्रेमाची कथा आणावी कोठून? पण या कबुलीजबाबात एक भयंकर निकाल दडलेला आहे. शेजारच्या घरातल्या बाईकडे पाहण्याजोगे काही नाही, असा तो निकाल. तो एकदा लागल्यावर नायिका पोकळ निघाली तर नवल कसले?

पुढे १८७२ साली काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक’ या विषयावरील निबंधात या अद्भुताच्या सोसावर टीका केली. ती योग्यच होती. परंतु केवळ संभाव्यतेने हे दुखणे हटत नाही. आजच्या प्रेमकथेत सारे संभाव्य असते. नायक देवनहळ्ळीच्या विमानतळावर उतरतो, नायिका संगणकाच्या कंपनीत असते, पाऊसही बेंगळूरच्या पावसासारखा संध्याकाळी येतो. खोटी असतात ती फक्त दोन माणसे.

रिसबुडांना उत्तर मिळाले ते बावीस वर्षांनी. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः येऊ लागली. बालविवाह तोच, एकत्र कुटुंब तेच, सासुरवासही तोच. ज्या आयुष्यात सांगण्यासारखे काही नाही असे ठरले होते, तेच आयुष्य यमू स्वतः सांगू लागली. आम्हां परमुलखात बिऱ्हाड करणाऱ्यांना त्यातला मुंबईचा भाग विशेष जवळचा वाटावा. एकत्र घराच्या दडपणातून सुटून यमू आणि रघुनाथराव वेगळे राहतात. ती वाचते, तो तिच्याशी मोकळेपणी बोलतो. बस, एवढेच. चंद्र नाही, उपवन नाही, अपहरण नाही. आमच्या मते मराठीतील उत्तम प्रेमकथांपैकी ही एक आहे, मात्र तिला त्या नावाने कोणी ओळखत नाही. पुढे वैधव्यात यमूचे केशवपन होते तेव्हा वाचक हादरतो. त्याचे कारण केवळ त्या चालीचे क्रौर्य नव्हे; ज्या बाईवर ते कोसळते तिला आपण ओळखू लागलेलो असतो, हेही आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. आम्ही व्यवसायाने कारकून. छापील नमुन्याचे मोल आमच्याइतके कोणाला कळणार? निवृत्तिवेतनाच्या कागदावर नाव, हुद्दा, तारीख भरली की काम पुढे सरकते. अर्जदार काळा की गोरा, भांडखोर की गरीब, हे तो नमुना पाहत नाही. न पाहणे हाच त्याचा न्याय. कचेरीने माणसामाणसांत भेद करू लागावे, तर सामान्य माणसाने दाद कोठे मागावी? प्रेमाचा न्याय मात्र नेमका उलटा आहे. तेथे ‘हीच आणि दुसरी नव्हे’ असे म्हणावे लागते, आणि म्हणायचे तर आधी पाहावे लागते. लेखक नायिकेला कमलनयना म्हणून पुढे सरकतो तेव्हा त्याने नमुना भरलेला असतो. शिळे विशेषण हा आम्ही म्हणूनच निव्वळ भाषेचा दोष मानीत नाही. पाहिले नसताना पाहिले असे सांगितल्याची ती खूण आहे. असा दाखला कचेरीत कोणी दिला, तर त्याच्याकडून खुलासा मागतात! कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या फडके-खांडेकरांच्या वादात कोणतीही बाजू घेतली, तरी या खोट्या दाखल्यातून सुटका होत नाही.

यावर कोणी म्हणेल, दमलेल्या माणसाला रात्री चार घटका विरंगुळा हवा असतो, त्याला इतके तोलून कशाला पाहावे? विरंगुळ्याशी आमचे वैर नाही. परीकथेतल्या राजपुत्राला मन नसले तरी चालते, कारण ते असल्याचा दावा कोणी करीत नाही. प्रेमकथा मात्र तो दावा करते. आणि फाईल हाताळणाऱ्या हाताला माणूस दिसेनासा होतो, ही सबबही या शहरात तरी चालणार नाही. मास्ती वेंकटेश अय्यंगार १९४३ पर्यंत म्हैसूर संस्थानच्या सेवेत होते. त्याच काळात त्यांनी साध्यासुध्या माणसांच्या कथा कन्नडात लिहिल्या.

आपल्यांतील लिहित्या मंडळींचे मात्र आम्हांला कोडे वाटते. बेंगळुरात वीस-वीस वर्षे काढून त्यांची प्रेमकथा सदाशिव पेठेतच घडते; जणू येथल्या आयुष्यात सांगण्याजोगे काही नाहीच. रिसबुडांची प्रस्तावना नव्याने लिहिल्यासारखेच हे झाले. लग्न होऊन आलेली मुलगी ‘बेकु’, ‘बेडा’, ‘एष्टु’ एवढ्या तीन शब्दांवर मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर भाजीचा भाव पाडते, आणि पदवीधर नवरा पिशवी धरून मुकाट्याने उभा राहतो. त्या क्षणी ती त्याच्याविषयी काय समजली, आणि घरी परतताना ते त्याला सांगितले की नाही, हे अजून कोणी लिहिलेले आमच्या वाचनात नाही.