उधळण आणि पंगत

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, ऑर्लँडो शहराजवळ, १ ऑक्टोबर १९७१ रोजी खुल्या झालेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये, म्हणजे निरनिराळ्या कथाकल्पनांभोवती रचलेल्या थीम पार्कांच्या आणि त्यांना जोडलेल्या रिसॉर्टांच्या त्या विस्तीर्ण नगरीत, काही उपाहारगृहे अशी आहेत की तेथील एका जेवणासाठी कुटुंबे वर्षानुवर्षे पैसे साठवतात. सिंड्रेलाच्या किल्ल्यात राजकन्यांच्या सहवासात जेवता येते, कंटेम्पररी रिसॉर्टच्या माथ्यावरील कॅलिफोर्निया ग्रिलमधून रात्रीची आतषबाजी पाहत जेवता येते, आणि १९८८ साली सुरू झालेल्या ग्रँड फ्लोरिडियन रिसॉर्टमधील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्स या उपाहारगृहात, ज्याला २०२४ साली मिशेलिन मार्गदर्शिकेचा एक तारा मिळाला, एकामागून एक येणाऱ्या लहान लहान पदार्थांच्या जेवणाचा खर्च माणशी ३०० डॉलरांच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो. जागा दोन महिने आधी राखून ठेवाव्या लागतात आणि लोक त्यासाठी पहाटे उठून बसतात. पोट भरण्याशी ज्याचा फारसा संबंध उरलेला नाही अशा या जेवणाला जीवनाचा उत्सव म्हणावे की भोगाची उधळपट्टी, हा प्रश्न वाटतो त्याहून जुना आहे, आणि धर्म व तत्त्वज्ञान या दोहोंनी त्याचा गंभीरपणे विचार केलेला आहे.

या जेवणावर सर्वात लवकर घेतला जाणारा आक्षेप त्याच्या खोटेपणाचा असतो. किल्ला खरा नाही, राजकन्या खरी नाही, तेव्हा तेथे मिळणारा आनंदही बनावट, असे हा आक्षेप मानतो, आणि फ्रेंच विचारवंत झाँ बोद्रियार यांनी १९८१ सालच्या आपल्या ग्रंथात कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडकडे पाहताना, खोटे जग उघडपणे उभे केल्याने त्याबाहेरचे जग खरे असल्याचा भास टिकून राहतो, असा त्याला अधिक टोकदार आकार दिला. परंतु भारतीय काव्यशास्त्राने या प्रश्नाची उकल फार पूर्वी करून ठेवली आहे. नाट्यशास्त्राचा भाष्यकार शंकुक याने रामाची भूमिका करणाऱ्या नटाला पाहून ‘हा राम’ अशी जी प्रतीती होते तिच्यासाठी चित्रतुरगाचा, म्हणजे चित्रातल्या घोड्याचा, दृष्टान्त दिला होता: चित्रातला घोडा पाहणाऱ्याला तो खरा वाटत नाही, खोटाही वाटत नाही, हा घोडा असेल की नसेल असा संशय येत नाही आणि हा घोड्यासारखा आहे असेही तो म्हणत बसत नाही, या चारही प्रतीतींहून वेगळ्या अशा एका प्रतीतीने तो त्या चित्राचा आस्वाद घेतो. त्याच ग्रंथाचा नंतरचा भाष्यकार अभिनवगुप्त याने शंकुकाचे मत पुढे खोडून काढले, तरी या एका निरीक्षणाचे तेज कमी झालेले नाही. किल्ल्यात जेवणारी सहा वर्षांची मुलगीही समोरच्या राजकन्येला फसून पाहत नाही. ती नाट्याला मनाने संमती देते, आणि ही संमती म्हणजे अज्ञान नव्हे. नाट्यशास्त्राचा कर्ता भरत याने तर रसाची कल्पना समजावताना जेवणाचेच उदाहरण घेतले होते: नाना व्यंजनांनी संस्कारित अन्न खाणारे प्रसन्नचित्त लोक जसे चवी आस्वादतात, तसे प्रेक्षक स्थायी भावांना आस्वादतात. तेथे अन्नाच्या आधाराने नाट्य समजावले गेले आणि येथे नाट्याच्या आधाराने अन्न वाढले जाते, त्यामुळे या दोन आस्वादांचे नाते जोडण्यात मुळात काही विपरीत नाही. तेव्हा खोटेपणाचा आक्षेप बाजूला ठेवावा हेच योग्य. अवघड प्रश्न त्याच्या पलीकडे सुरू होतात.

रसास्वादाची अट अभिनवगुप्ताने साधारणीकरण या संकल्पनेतून सांगितली आहे. भाव माझा, तुझा किंवा त्रयस्थाचा न राहता सर्वांचा होतो, व्यक्तीचे ममत्व काही काळ गळून पडते, आणि म्हणून करुण रसही आस्वाद्य ठरतो, अशी ती प्रक्रिया आहे. महागड्या स्वप्नभोजनाची रचना मात्र ममत्व सैल करण्याऐवजी घट्ट करण्याकडे झुकते. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्समध्ये खाद्यपदार्थांच्या यादीवर पाहुण्याचे नाव छापून दिले जाते, तर सुरुवातीच्या काळात प्रत्येक मेजावर वाढणारी स्त्री आणि पुरुष स्वतःचे नाव बाजूला ठेवून व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट या नावांनी वावरत असत. एकाचे नाव कागदावर उमटावे आणि त्याच मेजावर दुसऱ्याचे नाव पुसले जावे, या व्यवस्थेत सौजन्य भरपूर असले तरी तिचा विचार करणाऱ्याला अस्वस्थ करणारे काही तरी तिच्यात निश्चित आहे.

खर्चाच्या बाजूने एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाची साक्ष अनपेक्षित वाटेल, कारण सुखवादी म्हणून ज्याची ख्याती झाली तो प्रत्यक्षात पाव आणि पाण्यावर संतुष्ट असे, आणि चैन करावीशी वाटली की मित्राकडे चीजचे एक लहानसे भांडे मागवून घेई. इच्छांचे त्याने तीन प्रकार केले: नैसर्गिक व आवश्यक, नैसर्गिक पण अनावश्यक, आणि नैसर्गिकही नाहीत व आवश्यकही नाहीत अशा. भूक पहिल्या प्रकारात येते आणि उंची पक्वान्न दुसऱ्यात. दुसऱ्या प्रकाराला त्याने पाप ठरवले नाही, फक्त त्याची गुलामी नको, असे म्हटले, आणि ज्याला चैनीची गरज सर्वात कमी असते तोच तिचा खरा गोडवा चाखतो, असेही मेनोइकियसला लिहिलेल्या पत्रात सांगितले. या कसोटीवर आयुष्यात एकदा, वर्षानुवर्षे थोडे थोडे बाजूला टाकून, त्या मेजावर बसणारे कुटुंब त्याच मेजावर दर महिन्याला येणाऱ्या श्रीमंतापेक्षा वरचढ ठरते. हौसेला मोल नसते असे मराठी माणूस म्हणतो, तेव्हा त्याच्याही मनात बहुधा अशीच दुर्मीळ हौस असते, रोजची नव्हे.

तरीही पैसा गरजूंना देता आला असता, ही टोचणी उरते, आणि तिचा सर्वात प्रखर आविष्कार ख्रिस्ती शुभवर्तमानांतील बेथानी गावाच्या प्रसंगात सापडतो. येशू जेवायला बसला असताना एक स्त्री जटामांसीच्या मौल्यवान सुगंधी तेलाची कुपी फोडून ते त्याच्या मस्तकावर ओतते; उपस्थितांपैकी काहींना ही नासाडी वाटते, कारण मार्काच्या वृत्तान्तानुसार ते तेल ३०० दिनारांहून अधिक किमतीला विकून गरिबांना देता आले असते, आणि एक दिनार ही त्या काळी मजुराची दिवसभराची मजुरी असल्यामुळे ही रक्कम जवळजवळ एका वर्षाच्या कमाईएवढी होती. येशू त्या स्त्रीची बाजू घेतो. या प्रसंगाचा आधार घेऊन कोणतीही उधळपट्टी पवित्र ठरवण्याचा मोह अनेकांना होतो, आणि तो टाळला पाहिजे, कारण त्या स्त्रीने तेलाचा एक थेंबही स्वतःसाठी ठेवलेला नव्हता. ॲरिस्टॉटलनेही नीतिशास्त्राच्या चौथ्या भागात भव्य दातृत्व हा एक सद्गुण मानला, म्हणजे मोठ्या प्रसंगी शोभेल असा मोठा खर्च करण्याची समज. पण असा माणूस देवकार्य, लग्नसोहळा किंवा नगराचा उत्सव अशा प्रसंगी खर्च करतो आणि मुख्यतः स्वतःवर करत नाही, हेही त्याने स्पष्ट केले. उधळण कोणासाठी, हा प्रश्न म्हणूनच रकमेच्या आकड्याहून निर्णायक आहे.

वैदिक परंपरेने तो याहून थेट विचारला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अन्नदानाचे सूक्त एकटा खाणाऱ्याला केवळ पापाचा धनी ठरवते, आणि भगवद्गीतेचा तिसरा अध्याय जे फक्त स्वतःसाठी शिजवतात त्यांच्याविषयी हेच सांगतो. गृहस्थाला सांगितलेल्या पंचमहायज्ञांत देव, पितर, ऋषी, माणसे आणि प्राणिमात्र या सर्वांचा वाटा आधी काढून मग उरलेले खावे, अशी व्यवस्था होती. गोग्रास आणि काकबळी, म्हणजे गाईचा आणि कावळ्याचा घास, काढण्याची महाराष्ट्रातील घरांत टिकून राहिलेली रीत तिचाच अवशेष आहे. या विचारात अन्नाची किंमत किती हे पाहिलेच जात नाही, त्यामुळे साधा वरणभातही एकट्याने खाल्ला तर सदोष ठरू शकतो आणि पक्वान्नांचे ताटही वाटून खाल्ले तर निर्दोष. एपिक्युरसचे एक मत रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने आपल्या पत्रात नोंदवले आहे, ते याच्या अगदी जवळ येते: काय खायचे याआधी कोणाबरोबर खायचे ते पाहावे, कारण मित्रावाचून खाणे हे सिंहाचे आणि लांडग्याचे जिणे आहे. भिन्न भूमीतील दोन परंपरा एकाच ठिकाणी पोहोचाव्यात, याला फार मोठे महत्त्व द्यायला हवे.

हा निकष लावला की स्वप्ननगरीतील मेजवान्या एका रंगाच्या दिसेनाशा होतात. आजीने नातवंडांसाठी साठवलेल्या पैशांतून किल्ल्यात दिलेले जेवण बेथानीच्या कुपीच्या बरेच जवळ जाते, कारण त्यात देणाऱ्याचा आनंद दुसऱ्याच्या आनंदात विरघळलेला असतो. याउलट कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या क्लब ३३ सारख्या, केवळ सभासद आणि त्यांच्या पाहुण्यांना प्रवेश देणाऱ्या जागेच्या आकर्षणात बाहेर राहिलेल्यांचा मोठा वाटा असतो, आणि इतरांच्या वगळले जाण्यावर पोसलेले सुख कितीही सुसंस्कृत असले तरी ते पंगतीच्या कल्पनेशी जुळत नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्सने २००८ पासून दहा वर्षांखालील मुलांना प्रवेश न देण्याचा नियम केला. शांततेसाठी असा नियम समजण्यासारखा असला, तरी मुलांच्या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या नगरीतील सर्वात महाग मेज मुलांना बंद असावे, यातून ते मेज कोणत्या आनंदासाठी मांडले आहे हे उघड होते.

पंगतीत वाढणाऱ्यांचाही समावेश होतो, आणि येथे आधुनिक मेजवानीची खरी परीक्षा आहे. घरच्या किंवा देवळाच्या पंगतीत वाढपी शेवटच्या पंगतीला बसतो. उपाहारगृहात त्याच्या वाट्याला वेतन येते. वेतन हा वाटाच आहे, आणि तो न्याय्य असेल तर सन्मानाचाही आहे, म्हणून पैशाचा व्यवहार झाला एवढ्यानेच आतिथ्य भ्रष्ट झाले असे मानणे बरोबर नाही. पण तो वाटा किती, हे पाहुण्याला विचारता यायला हवे. डिस्ने वर्ल्डमधील कामगार संघटनांच्या महासंघाने २०१८ साली किमान वेतन २०२१ पर्यंत तासाला १५ डॉलरांवर नेण्याचा करार मिळवला आणि २०२३ सालच्या करारात ते त्या वर्षाअखेर १८ डॉलर ठरले. म्हणजे त्या दराने, आठ तासांच्या हिशेबाने, अशा किमान वेतनावरील कामगाराची दोन दिवसांची कमाई तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्समधील एका माणसाच्या एका जेवणाइतकीही भरत नव्हती. या तुलनेवरून ते जेवण निषिद्ध ठरत नाही. परंतु पंचमहायज्ञांचा विचार जो कोणी मनापासून मानतो त्याला आपल्या स्वप्नाच्या हिशेबात या दोन दिवसांची नोंद करावीच लागते, आणि भरघोस बक्षिशी, संघटनेच्या मागणीला पाठिंबा, किंवा वाढणाऱ्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारण्याची साधी दक्षता, यांपैकी काय आपल्या हातात आहे ते जेवणाची जागा राखून ठेवतानाच ठरवावे लागते, कारण आधी काढून ठेवलेला वाटा आणि ताट संपल्यावर उरलेले शिळे यांत परंपरेने नेहमीच फरक केला आहे.