जामीन कोण राहणार?

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात वडिलांच्या पगारपत्रकांच्या प्रती असायच्या. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. महिन्याच्या महिन्याला पगार येणारी घरं आमच्या वस्तीत दोनच, त्यातलं एक आमचं. त्यामुळे दिवेलागणीला कुणीतरी उंबऱ्याशी येऊन उभं राहायचंच. टोपी हातात घेऊन म्हणायचं, "गुरुजी, तेवढी सही करा की. बाकी समदं झालंय."

समदं म्हणजे जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, दुकानदाराचं कोटेशन, दोन फोटो. गाडी अडायची ती जामीनदाराच्या रकान्यापाशी. जामीनदार सरकारी नोकर पाहिजे, त्याची नोकरी पुरेशी शिल्लक पाहिजे, पगारपत्रक जोडलेलं पाहिजे. म्हैस घेणारा, शिवणयंत्र घेणारा, टपरी टाकणारा, सगळे त्याच एका रकान्यापाशी येऊन थांबत.

वडिलांनी अशा किती सह्या केल्या याची मोजदाद नाही. एका सहीनं मात्र आमचं घर हललं. शिवणयंत्र घेतलेला माणूस आजारी पडला, हप्ते थकले आणि वडिलांच्या पगारातून कपात सुरू झाली. ती दोन वर्षं चालली. त्या काळात मला नवी सायकल मिळाली नाही, आणि बहिणीचं कॉलेज एक वर्ष लांबलं. आई त्या माणसाबद्दल वाईट शब्द कधी बोलली नाही. "त्येनं बुडवलं न्हाई, त्यो बुडाला," एवढंच म्हणायची.

त्या कपातीमुळे मला एक प्रश्न लागला तो अजून सुटलेला नाही. कर्ज मिळायला पैसेवाला माणूस लागतो असं आपण समजतो. पैसे तर बँकेत पडूनच असतात. लागतो तो जामीन. तुमच्याकडे बोट दाखवून "हा माझा, याच्यावर विश्वास ठेवा" असं म्हणणारा कुणीतरी. मराठीत याला 'पत' हा फार नेमका शब्द आहे. बाजारातली उधारी आणि समाजातली अब्रू ही दोन्ही त्यात एकत्र नांदतात. ज्याला पाणवठ्यावर पत नाही, त्याला पेढीवर कुठून असणार?

कोल्हापुरात हे कोडं शंभर वर्षांपूर्वी एका राजानं आपल्या परीनं सोडवून दाखवलं होतं. गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेत नोकर. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून तिथल्या लोकांनी त्यांना बेदम मारलं. महाराज तेव्हा गावात नव्हते. परतल्यावर गंगारामांनी आपली पाठ त्यांना दाखवली. मारणाऱ्यांना शिक्षा झाली. पण महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी गंगारामांना नोकरीच्या बाहेर काढलं आणि स्वतःचा धंदा करायला सांगितलं. त्यासाठी भांडवल दिलं. भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल उभं राहिलं.

ही गोष्ट कोल्हापुरात लहान मुलालाही माहीत असते. मला तिच्यातला मधला भाग महत्त्वाचा वाटतो. हॉटेल उघडलं, चूल पेटली, कपबशा मांडल्या, आणि गिऱ्हाईक येईना. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? म्हणजे भांडवल मिळालं होतं, पत मिळाली नव्हती. भर रस्त्यावरच्या त्या दुकानात माणूस रिकाम्या बाकांकडे बघत बसलेला असेल, ते मला डोळ्यांपुढे दिसतं. मग महाराज आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, त्या दुकानापुढे थांबवू लागले. चहा मागवायचे, स्वतः घ्यायचे आणि बरोबरच्या मानकऱ्यांना, अधिकाऱ्यांनाही घ्यायला लावायचे. राजानं घेतलेल्या कपाला नाही कोण म्हणणार? पुढे सोडावॉटरचं यंत्रही त्यांनी गंगारामांना घेऊन दिलं.

भांडवल देणारे दाते त्या काळातही होते. महाराजांनी केलं ते वेगळं होतं. ते त्या धंद्याला जामीन राहिले, आणि कागदावर सही करून नाही, चारचौघांत तोंडाला कप लावून. हे ज्याला कळलं त्याला अर्थशास्त्राचं एक मोठं प्रकरण कळलं असं मी मानतो.

वतनाचा प्रश्नही त्यांनी याच नजरेनं पाहिला असावा. महारांना वतनाची जमीन होती, पण त्या जमिनीच्या बदल्यात अख्ख्या घराण्यानं गावाची आणि सरकारची चाकरी पिढ्यान्‌पिढ्या करायची. जमीन होती आणि तिचा मालक मात्र मोकळा नव्हता. १९१८ साली शाहूंनी आपल्या संस्थानात महार वतन रद्द करून त्या जमिनी रयताव्यानं, म्हणजे चाकरीची अट काढून, दिल्या. इंग्रजी मुलखात हीच बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं, आणि प्रत्यक्षात ती तुटायला स्वातंत्र्यानंतर एक दशक उलटून गेलं. कायद्यानं वतनं गेली, तरी परत मिळालेल्या जमिनींच्या सातबाऱ्यावर शर्त राहिलीच. परवानगीशिवाय विकायची नाही, मोकळेपणानं गहाण टाकायची नाही. शेजारच्या शेतकऱ्याच्या तेवढ्याच काळ्या रानावर पीककर्ज मिळतं आणि या रानाचा उतारा बघून बँकेतला साहेब कपाळाला आठ्या घालतो. माती तीच असते.

शाहूंच्याच काळात दुसरा एक विचार वाढत होता. राजाची वाट न बघता आपणच एकमेकांना जामीन राहायचं. १९०४ च्या कायद्यानं सहकारी पतपेढ्यांना वाट मिळाली आणि १९०६ साली मुंबईत सारस्वत मंडळींनी श्यामराव विठ्ठल पतपेढी काढली. आज तिची मोठी बँक झाली आहे. कोल्हापुरात १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहत होती. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. १९१३ ला कोल्हापूर अर्बन बँकही आली. मुलांचं शिक्षण आणि माणसांची पत या दोन्ही गोष्टी समाजानं समाजासाठी उभ्या करायच्या, हा विचार या शहराच्या मातीत तेव्हाच मुरला. पण त्यात एक खाच होती. ज्या समाजात चार वकील, दोन कारकून, एखादा अडत्या होता, त्याची पतपेढी निघाली. जिथे सगळेच मजूर, तिथे कोणी कोणाला जामीन राहायचं? अस्पृश्यांचं बोर्डिंग निघू शकलं, कारण त्यामागे राजा होता. त्यांची पेढी निघणं अवघड होतं.

समुद्रापलीकडे हाच खेळ त्याच्याही आधीपासून चालू होता, म्हणून तिकडे बघितल्याशिवाय मला राहवत नाही. गुलामगिरी संपली त्या १८६५ साली अमेरिकेत मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी फ्रीडमन्स बँक निघाली. धुणी धुणाऱ्या बायकांनी, सैनिकांनी त्यात पै-पै टाकली. बँकेच्या कारभाऱ्यांनी ते पैसे भलतीकडेच सट्टेबाजांना कर्जानं दिले आणि १८७४ साली बँक बुडाली. सुमारे ६१ हजार खातेदार पोळले. बचत यांची, कर्ज दुसऱ्यांना. आमच्या वस्तीत रोज संध्याकाळी पिग्मीवाला फिरतो. दहा-वीस-पन्नास रुपये गोळा करतो, पावती फाडतो. त्या पैशातून किती कर्ज परत याच वस्तीत येतं, हे मी त्याला एकदा विचारलं. तो हसला आणि सायकलवर टांग मारून निघून गेला.

त्या बुडीतखात्यातूनही तिथल्या लोकांनी धडा घेतला. रिचमंड शहरात मॅगी लीना वॉकर या धोबिणीच्या मुलीनं १९०३ साली सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक काढली. कारभार आपला, खातेदार आपले, कर्जदारही आपले. १९२० पर्यंत त्या बँकेच्या मदतीनं सुमारे ६०० कुटुंबांची स्वतःची घरं झाली होती. पण पुढे १९३० च्या दशकात तिथल्या सरकारी यंत्रणेनंच शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर लाल रंग, म्हणजे इथे कर्ज धोक्याचं. माणूस कसा आहे हे बघायची गरजच उरली नाही, पत्ता पुरेसा झाला. आमच्याकडे नकाशा रंगवावा लागत नाही. आडनाव आणि गल्ली सांगितली की झालं.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात होते. पैशाचा आणि पतव्यवस्थेचा अभ्यास त्यांनी तिथे आणि लंडनात केला. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागवली होती. दोन्हीकडचं दुखणं एकाच जातीचं आहे हे त्यांना ठाऊक होतं.

अमेरिकेत १९७७ साली कायदा झाला की बँकेनं ज्या वस्तीतून ठेवी घ्यायच्या, त्या वस्तीची कर्जाची गरजही भागवायची. आपल्याकडे पुढच्याच वर्षी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आलं. त्याची बीज भांडवल योजना कागदावर सुरेख आहे. ७५ टक्के बँकेनं द्यायचे, २० टक्के महामंडळानं, ५ टक्के लाभार्थ्यानं. सरकार जामीन राहिल्यासारखंच. पण ते ७५ टक्के द्यायला बँक तयार व्हावी लागते. महामंडळाची शिफारस घेऊन गेलेला माणूस शाखेत तीन-तीन महिने हेलपाटे घालायचा आणि शेवटी संध्याकाळी आमच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहायचा. सरकारनं टाकलेला भार फिरून वस्तीतल्या दोन पगारांवर येऊन पडत होता. याबद्दल मला आजही राग आहे, आणि तो मी लपवत नाही.

१९९२ नंतर बचत गट बँकांशी जोडले गेले तेव्हा पहिल्यांदा हा रकाना बदलला. गहाण नाही, पगारपत्रक नाही, दहा-पंधरा बायकाच एकमेकींना जामीन. भिशी आपल्याकडे होतीच. भिशीतली हमी ओळखीची आणि लाजेची, तीच गटात आली, फक्त वहीला बँकेचा शिक्का मिळाला. मग याच्या मागोमाग खासगी मायक्रोफायनान्सवाले आले आणि गटाच्या या एकजुटीचाच फास केला. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांना तिच्या दारात नेऊन बसवायचं. जामीन राहणं म्हणजे पाठीशी उभं राहणं. पाळत ठेवायला लावणं हा त्याचा अपमान आहे.

आमच्या शेजारच्या गल्लीत पायताणं होतात. नवरा तळ कापतो, बायको वेणी घालते. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडानं मिलानच्या मंचावर तसलीच चप्पल दाखवली तेव्हा जगभर गवगवा झाला. त्या घरातली अडचण मात्र जुनीच आहे. पावसाळ्यात कातडं वाळत नाही, माल खपत नाही. दसरा-दिवाळीचा माल करायचा तर चामडं आधी भरून ठेवावं लागतं. रोख नसली की व्यापाऱ्याकडून उधारीवर उचलायचं, आणि मग तयार जोड त्यालाच त्याच्या भावानं घालायचे. पाठीशी मानांकन आहे, हातात ऑर्डर आहे, अंगात पिढ्यांची कला आहे. यातलं काहीच बँकेला तारण म्हणून चालत नाही. मला वाटतं ऑर्डरची चिठ्ठी हेच तारण धरलं पाहिजे. महाराजांनी चहा मागवला ती एका अर्थानं ऑर्डरच होती.

वडील निवृत्त झाले आणि उंबऱ्यावरची गर्दी एका महिन्यात थांबली. पेन्शनरची सही चालत नाही. त्यांना ते लागलं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण पत्र्याची पेटी त्यांनी माळ्यावर टाकली. आई मात्र तोवर गटाची अध्यक्ष झाली होती. गेल्या श्रावणातली बैठक आमच्याच सोप्यात होती. वेणी घालणारी ती बाई कातड्यासाठी वीस हजार मागत होती. बायकांनी तिला किती जोडांची ऑर्डर आहे, कुणाची आहे, आगाऊ काही दिलंय का, मागच्या खेपेला किती उरले, असं सगळं खोदून विचारलं. मग वहीत आकडा लिहिला गेला.

वडील दाराशी खुर्चीत बसून ऐकत होते. सवयीनं त्यांनी विचारलं, "जामीन कोण?"

आईनं वहीतून मान वर केली नाही. "आमी हाय की सगळ्या," म्हणाली, आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे सरकवली.