बुंधा नाही, आणि छाटणी चालली!

सहापैकी चार गोरखचिंचा मारल्यास आणि वर मलाच विचारतोस, "सर, उरलेल्यांना खत कोणतं घालू?" खत राहू दे. ती कुंडी इकडे आण आणि बुंध्यापाशी बोट दाबून बघ. लिबलिबीत लागतं ना? हा रोगबिग काही नाही. डिसेंबरात पानं गळाली, तुला वाटलं झाड वाळलं, म्हणून रोज तांब्याभर पाणी ओतत बसलास. त्यातच शेंडा उडवलास. का, तर छाटणी थंडीत करायची असते असं कुणीतरी फोनवर दाखवलं. कुठल्या झाडाची? कुठल्या मुलखातल्या थंडीत? जपानातल्या पाइनचं वेळापत्रक चंद्रपूरच्या गच्चीवर लावलंस, बाबू, आणि दोष नर्सरीवाल्याला देतोस.

गोरखचिंच मूळची आफ्रिकेच्या कोरड्या माळांवरची. व्यापाऱ्यांच्या वाटेने ती आपल्याकडे आली असं मानतात. वसईला बघायला मिळेल, मध्य प्रदेशात मांडूला तर तिचे प्रचंड बुंधे आहेत. ताडोबाच्या किंवा आलापल्लीच्या जंगलाची ती नव्हे. तिचं लाकूड सागासारखं समजू नकोस. ते नरम, धागेदार, पाण्याने भरलेलं. पावसाळ्यात साठवायचं, पानं टाकायची आणि कोरडे महिने त्या साठ्यावर काढायचे, असा तिचा संसार. पानं नाहीत तेव्हा पाणी ओढणारंही कुणी नाही. मग तू घातलेलं पाणी त्या काळ्या चिकण मातीत तसंच बसून राहिलं आणि मूळ सडलं. रेती आणि विटांचे तुकडे घाल म्हणून सांगितलं होतं, ते वहीत लिहून घेतलंस आणि वही मिटलीस. वरून ओली जखम. एवढ्या मऊ लाकडात कूज एका जागी थांबत नाही, खाली खाली उतरत जाते. म्हणून हिला डोळ्याला चिकटून कापत नाहीत. वर दोन बोटं खुंट सोडतात, तो आपोआप वाळतो, मग काढतात.

आता खरी चूक ऐक. बोन्सायला हवा जाड बुंधा, आणि बुंधा जाड होतो पानांच्या कमाईवर. पेन्सिलीएवढ्या रोपाचा शेंडा कापून तू कमावणाऱ्यालाच घरी बसवलंस. बुंधा आता भरणार कशावर? झिम्बाब्वेत पांके नावाची एक गोरखचिंच होती. 2010-11 मध्ये ती कोसळली. तिच्या लाकडाची रेडिओकार्बन तपासणी झाली तेव्हा वय सुमारे 2,450 वर्षं निघालं. त्या जातीचं झाड तू दीड वर्षात म्हातारं दिसावं म्हणून कापायला बसलास!

आणि हे शिकायला तुला फोन कशाला लागला? वन विकास महामंडळाच्या नाहीतर वनविभागाच्या रोपवाटिकेत जाऊन सागाची जडी कशी करतात ते कधी पाहिलंस? रोप वाफ्यात साधारण वर्षभर वाढू देतात. अंगठ्याएवढं जाड झालं की उपटतात, खोडाचा जेमतेम इंचभर खुंट आणि वीतभर मूळ ठेवून बाकी सगळं छाटतात आणि पहिल्या पावसाला लावतात. तुझ्यापेक्षा कितीतरी निर्दय काप आहे तो. तरी जडी फुटते, कारण मुळात साठा आहे आणि डोक्यावर मृगाचा पाऊस. काडीएवढ्या रोपाची जडी कुणी करत नाही. मजुरी वाया जाते, हे तिथल्या बायांना पक्कं ठाऊक असतं.

गडचिरोलीत तेंदूची खुटकटाई बघ. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं जमिनीलगत कापतात, दीड महिन्यात कोवळी लुसलुशीत पानं येतात आणि मे महिन्यात सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधले जातात. झुडूप दिसतं गुडघ्याएवढं, पण खालचं मूळ वर्षानुवर्षांचं असतं, आडवं पसरून नवे फुटवे काढणारं. म्हणून ते दरसाल काप सोसतं.

सोसतं म्हणजे फुकट सोसतं असंही नाही. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाला 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. हातात हजारभर हेक्टर जंगल आलं आणि तेंदूचा हुकमी पैसा समोर होता. ग्रामसभेने तेंदू तोडणंच बंद केलं. छाटणीने झाडं खुरटतात आणि नव्या पानांसाठी लावलेली आग जंगल खाते, असा त्यांचा हिशेब. ती माणसं बांबूवर उभी राहिली. पोटाची गरज असताना त्यांनी कोयता बाजूला ठेवला. तुला तर नुसती हौस आहे, तरी आठवडाभर हात आवरला नाही.

उरलेल्या दोघींचं मूळ उकरून बघ. गाजरासारखं फुगलेलं आणि कडक असेल तर त्या वाचतील. मऊ भाग कोरड्या लाकडापर्यंत कापून काढ, सावलीत चांगला वाळू दे, मग रेतीत लाव. डोळे फुगेपर्यंत पाण्याचा थेंब नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा काळी प्लॅस्टिकची कुंडी गच्चीवर ठेवशील तर मुळं शिजतील. भिंतीच्या आडोशाला ने. पावसाळ्यात उघड्यावर मनसोक्त वाढू दे, फांद्या कितीही वेड्यावाकड्या होऊ देत. पुढची तीन-चार वर्षं कात्री नाही. छाटायची वेळ येईल ती उन्हाळ्याच्या शेवटी, डोळे हलू लागल्यावर आणि पावसाआधी, म्हणजे कोरड्या हवेत जखम सुकते. पाऊस लवकर आलाच तर कुंडी छपराखाली.

आणि हो, काल तू बोलून गेलास की रोपं जमत नाहीत तर मोहाचं नाहीतर बेहड्याचं जुनं खोड जंगलातून खणून आणू, "तयार बुंधा मिळतो सर". शब्द तोंडातून निघाला कसा? राखीव जंगलातून परवानगीशिवाय झाड उपटणं 1927 च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, ही झाली एक गोष्ट. दुसरी त्याहून वाईट. मोहावर चंद्रपूर-गडचिरोलीतली कितीतरी घरं उन्हाळा काढतात, आणि तू ते तुझ्या ट्रेमध्ये बसवणार, तेही पाणी कधी घालायचं हे कळत नसताना.

मागच्या पिशवीत ओली माती लागलेलं काय आहे? उघड. आणि ते जंगलाच्या कुठल्या कक्षातून आणलंस, हे आधी सांग.