फळाची आशा सोडली, तर नेम कशाला धरायचा?

कुडवा हे गोंदिया शहराला चिकटलेलं गाव. भोवती धानाच्या बांधी, जवळच राइस मिलांची वर्दळ. इथल्या पोरांच्या हातात बॅट दिसते, गोल्फचा ड्रायव्हर नाही. तरीही टीवरून, म्हणजे चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीवरून, मारायच्या पहिल्या फटक्यात एक जुना प्रश्न दडलेला आहे आणि गीतेचं पारायण होणाऱ्या कुठल्याही घराला तो परका नाही. आपला अधिकार फक्त कर्मावर, फळावर नाही, असं मानायचं असेल तर नेम तरी का धरायचा? नेम धरणं हीच मुळी फळाची इच्छा नव्हे का?

आधी तो फटका नीट पाहावा. ड्रायव्हर हा पिशवीतला साधारणपणे सर्वांत लांब दांड्याचा क्लब. चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा. दोघांची गाठ पडते ती सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरती. त्या निमिषात क्लबचा चेहरा सरळ रेषेपासून एक अंश जरी वळलेला असला आणि चेंडू त्या दिशेने निघाला, तर २३० मीटरवर तो चार मीटर बाजूला पडतो. बाजूची फिरकी मिळाली तर आणखी दूर, झाडीत. अमेरिकेच्या पीजीए टूरवर पोटापाण्यासाठी खेळणाऱ्यांचेही दहातले सरासरी चार फटके फेअरवे, म्हणजे मधला कापलेल्या गवताचा पट्टा, चुकतात. म्हणजे जगातल्या उत्तम हातांनाही इथे हमी नाही.

हमी नाही म्हणून सराव सोडायचा का? गीतेचं उत्तर इतकं सोपं नाही आणि तिला तसं सोपं करणाऱ्यांनी तिच्यावर अन्यायच केला आहे. दुसऱ्या अध्यायात फळाची आसक्ती सोडायला सांगितल्यावर दोन-तीन श्लोकांतच ती योगाची सांगड कर्मातल्या कौशल्याशी घालते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त हाच धागा घट्ट धरला आहे. फलाशा सोडणं म्हणजे हेतू सोडणं नव्हे, विचार न करता हात चालवणं तर नव्हेच. नेम ढिला ठेवून ‘मी निष्काम आहे’ म्हणणारा निष्काम नसतो, निष्काळजी असतो.

अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक मात्र या चर्चेत सहसा कुणी काढत नाही. कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं तिथे म्हटलं आहे: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. टीपाशी उभ्या असलेल्या खेळाडूला ही पाचही कारणं डोळ्यांसमोर दिसतात. अधिष्ठान म्हणजे पायाखालची जमीन आणि ज्यावर आपण उभे आहोत ते शरीर. कर्ता तो स्वतः. करण म्हणजे हातातला क्लब. चेष्टा म्हणजे पकड, खांद्यांचं वळण, कमरेचा झोक, वेगाची लय. आणि दैव म्हणजे मध्येच उठलेला वारा, फेअरवेवर पडून भलतीकडे उसळलेला चेंडू. गोंदियाच्या शेतकऱ्याला हे शिकवायला नको. पऱ्हे वेळेवर टाकले, चिखलणी झाली, रोवणी नेटकी झाली, तरी धान लोंबीवर असताना पाऊस काय करेल ते त्याच्या हातात नसतं. म्हणून तो रोवणी वेडीवाकडी करत नाही.

पाचातली चार कारणं सुधारता येतात, ही या श्लोकातली मोठी उमेद आहे. टी इतकी उंच असावी की चेंडूचा साधारण अर्धा भाग क्लबच्या माथ्यावर दिसावा. उजव्या हाताने खेळणाऱ्याने चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत ठेवावा. पकड दांड्यावर बोटभर खाली घेतली तर थोडं अंतर जातं, पण ताबा वाढतो. क्लबच्या चेहऱ्यावर पायाला मारायच्या पावडरीचा फवारा मारून फटका मारला की चेंडू नेमका कुठे लागला त्याचा ठसा उमटतो. मध्यापासून टोकाकडे किंवा टाचेकडे सरकलेला ठसा वाकड्या फटक्याचं कारण तिथल्या तिथे सांगतो. तो ठसा खोटं बोलत नाही.

इथे ज्ञानाचाही प्रश्न येतो. चेंडू स्विंगच्या वाटेने निघतो आणि मग क्लबचा चेहरा जिकडे असेल तिकडे वळतो, असं शिकवणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या गेल्या. चेंडूचा प्रवास रडारने मोजणारी यंत्रं आली आणि उलट दिसलं: ड्रायव्हरचा चेंडू मुख्यतः चेहऱ्याच्या दिशेने निघतो आणि वाट व चेहरा यांतल्या फरकाने वळतो. मनापासून पण चुकीच्या समजुतीने केलेला सराव चूकच पक्की करतो. भक्तीने ज्ञानाची जागा भरून निघत नाही, हे धर्मातही तितकंच खरं आहे.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. चौथ्या अध्यायावर बोलताना विनोबा बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जोड मागतात. त्या जोडीला ते विकर्म म्हणतात. ही जोड लागली की कर्माचं ओझं उतरतं. जॅक निकलॉस हे गोल्फमधलं थोर नाव, १८ प्रमुख स्पर्धा जिंकलेलं. त्याची एक सवय विनोबांच्या या विचाराशेजारी ठेवण्याजोगी आहे. तो चेंडूमागे उभा राहून दूरच्या लक्ष्याची रेषा पाही आणि त्या रेषेवर, चेंडूच्या थोडं पुढे, गवताचं पातं किंवा एखादा डाग निवडी. मग क्लब त्या जवळच्या खुणेवर रोखे. दूरचं लक्ष्य ठरवून झालेलं असतं. आता मनाने त्याच्यामागे धावायचं नाही, समोरच्या खुणेशी इमान राखायचं.

पुण्यात जन्मलेला गोल्फपटू अनिर्बान लाहिरी विपश्यना ही बौद्ध परंपरेतली ध्यानसाधना करतो, जिचं मुख्य केंद्र आपल्या इगतपुरीला आहे. २०१५च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो संयुक्त पाचवा आला. २०२२च्या प्लेअर्स चॅम्पियनशिपमध्ये कॅमेरॉन स्मिथ जिंकला आणि लाहिरी एका फटक्याने दुसरा राहिला. चार फेऱ्यांच्या खेळातला एक फटका! तो एक फटका हाच सगळ्या चार फेऱ्यांचा अर्थ मानला तर माणूस मोडून पडेल. बुद्धाची समता आणि गीतेची समत्वबुद्धी यांत तात्त्विक अंतर मोठं आहे. एक आत्मा मानत नाही, दुसरी त्यावरच उभी आहे. पण निकाल हाती आल्यावर मनाने कसं असावं, याबाबत दोघी एकाच ठिकाणी येतात.

अमेरिकन कादंबरीकार स्टीव्हन प्रेसफील्ड यांनी १९९५ साली गीतेचा सांगाडा घेऊन ‘द लेजंड ऑफ बॅगर व्हान्स’ लिहिली. त्यात खचलेला गोल्फपटू म्हणजे अर्जुन आणि त्याची पिशवी वाहणारा कॅडी म्हणजे श्रीकृष्ण. परक्या माणसाला गीतेसाठी रणांगणाऐवजी गोल्फचं मैदान सुचलं, यात अपमान काही नाही.

नेम हा कर्माच्या आतला भाग आहे, चेष्टांपैकी एक. फळ पाचही कारणं जुळल्यावर येतं. हा भेद धरला की वरच्या प्रश्नातला विरोध मावळतो. म्हणून वाचकांना एवढीच विनंती, की घरातली गीता काढून दुसऱ्या अध्यायातल्या त्या प्रसिद्ध श्लोकापाशी न थांबता अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक आणि पुढचे दोन सलग वाचावेत.