गणती राजाची आणि मेंढपाळाची

पवित्र शास्त्रात मोजदादीचे दोन प्रसंग मनात ठसतात. दावीद राजाने आपल्या प्रजेची शिरगणती करविली आणि ती पुरी होताच त्याचे मन त्याला खाऊ लागले. प्रभू येशूच्या दृष्टान्तातला मेंढपाळही मोजतो; मोजल्यावाचून शंभरातले एक मेंढरू हरवले हे त्याला कळणार कसे? दोघेही मोजतात, परंतु राजाला आपले बळ पाहावयाचे असते, तर मेंढपाळाला हरवलेल्याची ओढ असते. आजच्या विज्ञानाने आरंभिलेल्या एका गणतीकडे आम्ही या दोन प्रसंगांच्या उजेडात पाहू इच्छितो. ती गणती आहे तान्ह्या मुलांच्या कानी पडणाऱ्या शब्दांची.

बेटी हार्ट आणि टॉड रिस्ले या अमेरिकन संशोधकांनी कॅन्सस येथील ४२ कुटुंबांत दर महिन्याला एक तास, अशी सुमारे अडीच वर्षे बसून घरातले बोलणे टिपले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानुसार, उच्चशिक्षित व्यावसायिकांच्या घरी बालकाला उद्देशून तासाला सरासरी २,१५३ शब्द बोलले जात. सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरी अवघे ६१६. याच हिशेबाने चार वर्षांत सुमारे तीन कोटी शब्दांची तफावत पडते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो जगभर गाजला.

पुढे माणसाची जागा यंत्राने घेतली. ‘लीना’ नावाचे, तळहातात मावणारे ध्वनिमुद्रक मुलाच्या बंडीच्या खिशात ठेवतात. ते सोळा तासांपर्यंतचा आवाज साठविते. नंतर संगणक मोठ्यांचे शब्द, दूरदर्शनचा आवाज आणि मूल व मोठे माणूस यांच्यातली बोलण्याची देवघेव यांचा हिशेब मांडतो. एकाने बोलावे आणि दुसऱ्याने पाच सेकंदांच्या आत प्रतिसाद द्यावा, ही एक देवघेव.

अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स नगराने या यंत्राच्या आधारे गरीब कुटुंबांसाठी एक उपक्रम आखला. त्यासाठी २०१३ साली त्या नगराला पन्नास लाख डॉलरांचे पारितोषिक मिळाले. कार्यकर्त्या घरी जाऊन आईवडिलांना आलेख दाखवीत व बोलणे कसे वाढवावे ते सांगत. गणती झाल्यावर मूळ ध्वनिमुद्रण पुसले जाई. तरीही नागरी स्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्यांनी शंका काढलीच. या नगराचा पूर्वेतिहास येथे आठवावा. सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा आग्रह धरल्याने हद्दपार झालेल्या रॉजर विल्यम्सने १६३६ मध्ये ते वसविले आणि ईश्वरी कृपेच्या स्मरणार्थ त्याला हे नाव दिले. राजसत्तेने ज्या आतल्या खोलीत पाऊल ठेवू नये असे तो म्हणत होता, त्या खोलीच्या दाराशीच हे यंत्र येऊन उभे राहते.

मग ही गणती निषिद्ध मानावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्याला अजून बोलता येत नाही त्याची उणीव बोलून दाखविणारे कोणी असावे, हे प्रेमाचेच कार्य आहे. परंतु तान्हे बाळ संमती देऊ शकत नाही. त्याच्या वतीने आईवडील ती देतात, आणि गरिबाची संमती खरोखर मोकळी असते काय? नकार दिला तर उद्या मिळणारी मदत थांबेल, ही भीती ज्याच्या मनात आहे त्याचा होकार हा होकार नव्हे. शिवाय खिशातले यंत्र आजीचे कण्हणे, पतिपत्नीची कुरबुर, शेजारणीचे दुःख हेही ऐकत असते. ज्यांचे बोलणे टिपले जाते त्या सर्वांना ते ठाऊक असले पाहिजे.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. आकडा पाहता पाहता निवाडा होतो. त्या पहिल्या अभ्यासातील ४२ घरांपैकी सरकारी मदतीवर जगणारी घरे केवळ सहा होती. तेवढ्यावरून गरीब आईवर मुकेपणाचा शिक्का बसला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने दाखविले की, एकाच आर्थिक थरातल्या घराघरांत पुष्कळ फरक असतो; आणि मुलाभोवती वावरणाऱ्या सर्वांचे बोलणे धरले तर चित्र बरेच बदलते. आजीआजोबा, काकामामांच्या गराड्यात वाढलेल्या आमच्या वाचकांना हे सांगावयास नको. माणसाची प्रतिष्ठा ही ईश्वराने त्याला दिलेली देणगी आहे; ती आलेखावर चढत-उतरत नाही.

गंमत अशी की, यंत्रानेच आपल्याला एक जुने सत्य परत दिले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या अभ्यासात असे आढळले की, गोष्ट ऐकताना मेंदूतील भाषेच्या केंद्राची सक्रियता निव्वळ शब्दसंख्येशी नव्हे, तर बोलण्याच्या देवघेवीशी निगडित होती. म्हणजे मुलावर शब्दांचा पाऊस पाडून भागत नाही. थांबावे लागते, त्याच्या बोबड्या उत्तराची वाट पाहावी लागते. आणि वाट पाहणे म्हणजे समोरच्याला व्यक्ती म्हणून मानणे.

याच यंत्राच्या आधारे ३२९ मुलांवर केलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, दूरदर्शनच्या दर तासामागे मुलाच्या कानी पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे ७७० नी कमी होतात. हा आकडा गरिबाचाच नाही, आपल्या सर्वांच्या दिवाणखान्यातला आहे. आज दूरदर्शनच्या जोडीला प्रत्येकाच्या हाती मोबाईल आला आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडिलांना मुलाचे श्रद्धेतील पहिले शिक्षक म्हटले जाते. जो शिक्षक विद्यार्थ्याकडे पाहतच नाही त्याला शिक्षक कसे म्हणावे?

तेव्हा गणती करणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारू: मोजून झाल्यावर तुम्ही कोठे जाता? अहवाल घेऊन राजवाड्याकडे, की काठी घेऊन रानाकडे? आकडा आधी त्या आईच्या हाती पडत असेल, तिला लाज न वाटता बळ मिळत असेल, तर ती मेंढपाळाची गणती होय. नाझरेथच्या घरात तीस वर्षे जे बोलले गेले त्याची नोंद कोणी ठेवली नाही. मरियेने ते अंतःकरणात जपले. प्रत्येक घरातले काही बोलणे असेच अमोजलेले राहिले पाहिजे. आपल्या डोक्यावरचे केससुद्धा ज्याने मोजले आहेत, त्याला ते पुरेपूर ठाऊक आहे.