आवड आणि आचार

वासनिकांकडून पुष्कळदा एक प्रश्न येतो : "जे काम मनापासून आवडते, ते निष्ठेने करणे म्हणजेच तत्त्वाला धरून जगणे नव्हे काय?" प्रश्न सरळ दिसतो, परंतु त्यात दोन भिन्न गोष्टी एक मानल्या आहेत. त्यांचा विवेक केला पाहिजे.

प्रथम पूर्वपक्ष पाहू. आवडीने केलेल्या कामात लबाडी शिरत नाही, श्रमाचा कंटाळा येत नाही. अंबरनाथच्या शिवालयात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. शिलाहारांची राजवट गेली, पाथरवट गेले. त्यांची निगुती पाषाणात उरली. जवळच्या उल्हासनगराचा दाखला आपल्या काळातला. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींत उतरली. १९४९ मध्ये त्या वसाहतीस हे नाव मिळाले. सर्वस्व गमावलेल्या या लोकांनी हात पसरण्यापेक्षा पापड लाटणे, फेरी करणे पत्करले. पुढे तेथे जीनच्या विजारींचा धंदा बहरला. उद्यमाची ही गोडी आदरणीयच होय.

आता उत्तरपक्ष. अंबरनाथच्या शिवालयाजवळून वाहणारी वालधुनी उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. कारखान्यांचे सांडपाणी आणि जीन धुण्या-रंगविण्याचे पाणी तिच्यात मिसळत गेले. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्या पात्रात रसायन ओतले गेले, विषारी वायू पसरला आणि उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. कापड सुरेख रंगविणाऱ्याची आवड खोटी नव्हती. पण नदीच्या काठी झोपलेले मूल त्या आवडीच्या हिशेबात नव्हते. आवड कर्त्याकडे पाहते. ज्याला झळ लागते त्याच्याकडे आचार पाहतो.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या जवळ आश्रयास आलेल्या सशाची लीळा आपणांस ठाऊक आहे. पारध्यांच्या कौशल्यात उणे नव्हते. स्वामींनी त्या कौशल्याची वाखाणणी केली नाही की निंदाही केली नाही. भ्यालेल्या जीवाकडे त्यांची दृष्टी वळविली. सशाला अभय मिळाले. म्हणून कामाची परीक्षा हाताच्या कसबाने पुरी होत नाही. त्या कामापुढे कोणता जीव पळतो आहे, हे पाहावे लागते.

येथे शंका येईल : "रंगकामावर ज्याची चूल पेटते, त्याने उद्याच काम टाकावे काय?" आम्ही भिक्षेवर राहणारे, आम्हांस निषेध सांगणे सोपे, म्हणून जपून सांगतो. दोष अधिकाराप्रमाणे वाटला जातो. मालकाने सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च टाळला, तर त्याचा दोष मोठा. मजुराने निदान रात्री नाल्यात घाण सोडणारी झडप आपल्या हाताने उघडू नये, आणि दुसरे काम शोधावे. या नकाराने त्याची रोजी जाऊ शकते. तेव्हा अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर येथील ज्या बांधवाकडे दुकान, कारखाना वा ओळख असेल, त्याने त्याला उभे करावे. ज्या समुदायाला निषेध सांगता येतो पण त्याची किंमत वाटून घेता येत नाही, त्याचा उपदेश पोकळ आहे.

तात्पर्य, आवडीचे काम अवश्य करावे. परंतु त्यातील कोणती एक कृती आपण कदापि करणार नाही, हे आधी ठरवावे. तत्त्वाला धरून जगणे तेथून सुरू होते.

दंडवत प्रणाम.